मरोळचा कॅमेरा, मुलुंडचा कॅमेरा

देवरुखात माझा फोटो स्टुडिओ आहे. उभा जन्म मी लोकांना 'हनुवटी जरा खाली, आता हलू नका' एवढंच सांगत आलो. रोल धुण्यापासून ते मोबाइलवर फोटो पाठवण्यापर्यंत सगळं बघून झालं, त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल मला कुणी काही शिकवावं असं उरलंय, हे मी मानत नव्हतो. तो गर्व यंदा मुंबईच्या उपनगरात जाऊन उतरला. कसा उतरला ते सांगायला बसलोय. मुंबईला जाऊन आलेल्यांचं लिखाण मी पुष्कळ वाचलंय. त्यात समुद्र असतो, राणीची बाग असते, हल्ली मॉलही असतात. मरोळ आणि मुलुंडबद्दल कुणी लिहीत नाही, आणि मी तर दुसरं काहीच बघितलं नाही.

जायचं कारण हौसेचं नव्हतं. माझी बायको नलू, तिच्या छातीत काही वर्षांपूर्वी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. आम्ही तो विषय आवरून माळ्यावर टाकला होता. मग यंदा तिची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, विहिरीचं पाणी ओढते म्हणून असेल. तेल लावलं, शेक दिला, एका वैद्यांनी चिकट लेप दिला तोही लावला. पाठ काही ऐकेना. शेवटी रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "दुखणं हाडात उतरलंय का, ते एकदा बघून टाकू. हाडांचा स्कॅन करून या."

उतरलंय की नाही, एवढाच प्रश्न होता. पण तो असा होता की त्यापुढे आम्हाला जेवताना मीठ कमी पडलंय का जास्त हेही कळत नव्हतं.

घाटकोपर

नलूचा धाकटा भाऊ विलास घाटकोपरला राहतो. 'स्कॅन रत्नागिरीकडे कशाला, इकडे या, माझ्या ओळखीचं आहे' असा त्याचा हट्ट, म्हणून मुंबई. विलासचं घर सातव्या मजल्यावर. आमच्याकडे कुणी दवाखान्यात निघालं की अख्खी आळी दारात येऊन उभी राहते, चार जण चार डॉक्टर सुचवतात आणि पाचवा कोण कसा दगावला ते सांगतो. इथे मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. मला आधी ते माणूसघाणेपणाचं वाटलं. पण सकाळी निघताना शेजारच्या गुजराती बाईंनी दार उघडलं, नलूच्या हातात खाकऱ्यांचा डबा ठेवला, तिच्या दंडावर हात ठेवला आणि काही न विचारता परत आत गेल्या. नलू लिफ्टमध्ये म्हणाली, "ही पद्धत बरी आहे. खायला दिलं आणि तोंड बंद ठेवलं."

विलास मुंबईचं बोलतो. "भाऊजी, टेन्शन नाय घ्यायचं. हल्ली टेक्नॉलॉजी कुठच्या कुठे गेलीय. एकदम झकास मशीन आहे, ताईला कळणारपण नाय."

"झकास असायला ते काय लग्नातलं जेवण आहे?" नलू म्हणाली. ती घाबरली की तिची जीभ धारदार होते. लग्नानंतर पहिल्या वर्षी हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे ते वर्ष जरा जड गेलं.

विलासला ऑफिस होतं. त्यानं आम्हाला मेट्रोत बसवून दिलं. मेट्रो घरांच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे मुंबईची छपरं दिसली, छपरांवरचं निळं प्लास्टिक दिसलं, आणि एका छपरावर वाळत घातलेले पापड दिसले. पापड बघून नलूला जरा धीर आला.

मरोळ

मरोळला औद्योगिक वसाहत आहे. एका गाळ्यात खोकी बनतात, शेजारच्यात प्लास्टिकच्या बरण्या, त्याच्या शेजारच्यात छपाई. त्या सगळ्या खडखडाटात तळमजल्यावर आमचं सेंटर होतं. दारावर पिवळी पाटी आणि पंख्याच्या तीन पात्यांसारखी खूण, म्हणजे आत किरणांचं काम चालतं.

तिथं यंत्र चालवणारे गृहस्थ होते रेमंड. मरोळच्या जुन्या गावठाणातले ख्रिश्चन, घरात पहिल्यापासून मराठी. जिथं सेंटर आहे तिथं त्यांच्या आजोबांची भातशेती होती असं म्हणाले. माणूस माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर, आणि बोलायला मोकळा. त्यांनी नलूला इंजेक्शन दिलं, कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला आणि म्हणाले, "आता तीन तास थांबायचं, ताई. औषध हाडात जाऊन बसायला वेळ लागतो. पाणी भरपूर प्यायचं, लघवीला जायचं. आणि आजचा दिवस लहान मुलं आणि पोटुशी बाई यांच्यापासून लांब राहायचं. तुमच्या अंगातून किरण येणार ना."

नलूनं विचार केला. "म्हणजे बाजूला बसायचं."

"म्हणजे?"

"माझ्या माहेरी चार दिवस पडवीत बसवायचे. शिवायचं नाही, पाणी वेगळं. ते सगळं संपलं म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला होता. आता नातवंडं व्हायच्या वयात परत पडवी."

रेमंड मान हलवत हसले. "इंजेक्शन घेतलेल्यांचा संडासपण इथे वेगळा आहे, ताई."

"मग सगळं रीतसर आहे," नलू म्हणाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

मला स्वस्थ बसवेना. मी यंत्राच्या खोलीच्या दारातून डोकावलो. रेमंडना मी फोटोग्राफर असल्याचं कळल्यावर त्यांनी आत बोलावलं. मध्ये अरुंद बाक, त्याच्या वर एक आणि खाली एक अशी दोन जाड चौकोनी डोकी. मी चारी बाजूंनी फिरलो. भिंग नाही, दिवा नाही.

"फ्लॅश कुठाय?" मी विचारलं.

"फ्लॅश बाहेर खुर्चीवर बसलाय, खाकरा खातोय," रेमंड म्हणाले.

मला कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी नीट सांगितलं. हे यंत्र अंगावर काहीच सोडत नाही. एक्स-रेत किरण बाहेरून आत जातात, इथे ते आतून बाहेर येतात. इंजेक्शनातलं औषध हाडांमध्ये जाऊन बसतं. जिथं हाड जास्त खटपट करत असेल, मोडलेलं जुळवत असेल, किंवा तिथं काही नको ते वाढत असेल, तिथं ते जास्त बसतं आणि तिथून जास्त किरण निघतात. यंत्र नुसतं बघत बसतं. भिंगाच्या जागी शिशाचा जाड पत्रा, त्याला मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक भोकं. सरळ आलेला किरण भोकातून आत जातो, तिरका आलेला शिशात मरतो. त्याच्यामागे एक स्फटिक. किरण आपटला की तिथं ठिणगीएवढाही नाही असा उजेड पडतो, आणि यंत्र तो मोजतं. एकेक किरण, एकेक ठिपका.

मी ऐकत होतो आणि अंगावर काटा येत होता. लहानपणी मी बिस्किटाच्या डब्याला सुईनं भोक पाडून कॅमेरा केला होता. उजेड सरळ चालतो ही एकच गोष्ट तेव्हा माहीत होती, आणि इथे त्याच एका गोष्टीवर माणसांनी एवढा डोलारा उभा केला होता. आणि उजेड कुणाचा, तर माझ्या बायकोचा. तिच्या इतक्या वर्षांच्या फोटोंत मी खिडकीकडे तोंड कर, दिव्याकडे तोंड कर असं तिला दटावत आलो, आणि आता ती स्वतःच दिवा होऊन बाहेर बसली होती.

रेमंडनी भिंतीवरचं एक चित्र दाखवलं. "रोज सकाळी आधी मशीनचा फोटो, मग माणसांचा. सगळीकडे सारखे किरण देणारा तक्ता ठेवतो आणि बघतो, कुठे डोळा मंदावलाय का. आणि ही दुसरी परीक्षा." त्या चित्रात चौकोनाचे चार भाग होते. एकात जाड शिशाच्या पट्ट्यांच्या रेघा, दुसऱ्यात त्याहून बारीक, तिसऱ्यात आणखी बारीक. असली परीक्षा मीही भिंग विकत घेताना करतो. कुठपर्यंत रेघा सुट्या दिसतात ते बघायचं. इथे दोन भाग छान, तिसरा चाचपडत, आणि चौथ्यात रेघाच नाहीत, नुसता राखाडी रंग फासलेला.

"चौथा गेला की," मी म्हणालो.

"गेला. मशीन म्हातारं झालं, साहेब," रेमंड म्हणाले. "मोठं असेल ते दाखवतं, खोटं बोलत नाही. पण बारीक अक्षर वाचत नाही. माझं पण तेच झालंय." आणि त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

दुपारी त्यांनी डब्यातले फुगे आम्हाला दिले. मैद्याचे गोल, आतून पोकळ, जरा गोडसर. त्यांच्या घरी सणाला करतात, पण बायकोला लहर आली की सणाची वाट बघत नाही म्हणाले. नलूनं एक फोडून आत बघितलं. आमच्या कोंबडी-वड्यांतल्या वड्याचा हा शहरात राहिलेला भाऊ, असं तिनं ठरवलं, आणि पीठ कशानं आंबवतात ते विचारून घेतलं. ज्या बाईनं सकाळपासून एक खाकरा कसाबसा संपवला होता तिनं चार खाल्ले. मी मनात रेमंडच्या बायकोला नमस्कार केला.

मग नलू त्या बाकावर आडवी झाली. साडीच होती अंगावर, फक्त बांगड्या आणि मंगळसूत्र काढून माझ्या खिशात. डोकी तिच्या अंगावरून सावकाश सरकायला लागली आणि बाहेरच्या पडद्यावर ठिपके पडायला लागले. पहिल्यांदा नुसती पिठी भुरभुरल्यासारखी. मग त्या पिठीतून कवटी आली, खांदे आले, बरगड्या आल्या. अंधाऱ्या खोलीत, ट्रेमधल्या कागदावर चेहरा उमटताना मी हजारदा बघितलाय. तरी प्रत्येक वेळी श्वास रोखला जातो. इथे तर माझ्या नलूचा सांगाडा उमटत होता, आणि खरं सांगतो, तो सुंदर होता. भीती वाटायला हवी होती, पण मी बघतच राहिलो.

मग कंबर आली. डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या कडेला, एक काळाकुट्ट गोल डाग आला.

 रेमंडनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि खिशातलं नलूचं मंगळसूत्र मुठीत धरलं.

मरोळ ते मुलुंड

तिथले डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "डाग आहे हे मी नाकारत नाही. पण आमच्या मशीनवर सगळं एकावर एक सपाट दिसतं. हा हाडात आहे, हाडापुढे आहे की आणखी कुठे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मुलुंडला नवं मशीन आहे. ते सगळीकडून फिरून बघतं आणि त्यातच सीटी स्कॅनही करतं. तिथं बघितलंत तर पक्कं कळेल."

"उद्या जातो," मी म्हणालो.

"उद्या गेलात तर ताईंना परत इंजेक्शन," रेमंड म्हणाले. "आज गेलात तर ह्याच इंजेक्शनात होईल. पण हे औषध सहा तासांनी निम्मं होतं. पुढच्या सहा तासांनी त्याच्या निम्मं. उजेड कमी होत चाललाय, साहेब. मी फोन करून ठेवतो, तुम्ही निघा."

बाहेरच्या फोटोला उजेड जातोय म्हणून मी आयुष्यात कितीदा धावलोय. नवरदेवाला हाताला धरून देवळाच्या पायऱ्यांवरून ओढलाय. पण मावळणारा सूर्य बायकोच्या अंगात आहे आणि आपण रिक्षा शोधतोय, अशी वेळ कधी आली नव्हती.

रिक्षांच्या रांगेत आमचा नंबर आला तेव्हा मागून एक पोरगी आली. पोट चांगलं पुढे आलेलं, हातात पिशव्या. "काकू, पवईपर्यंत येऊ का तुमच्याबरोबर? खूप वेळ उभी आहे." नलूनं एकदम दोन पावलं मागे घेतली आणि म्हणाली, "नको. तू नको येऊस." आवाज असा कडक आला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पोरगी म्हणाली, "राहू दे ना मग, एवढं काय?" आणि तोंड फिरवलं. मी पुढची रिक्षा थांबवून तिला देऊ केली, तिनं माझ्याकडेही बघितलं नाही.

रिक्षात नलू रडली. सकाळपासून सुईला रडली नव्हती, डागाला रडली नव्हती. "गरोदर पोरीला मी बसू दिलं नाही," म्हणाली. "काय म्हणत असेल ती मला." मी तिचा हात धरला. तो नेहमीसारखाच ऊबदार होता, आणि त्यातून जे बाहेर पडत होतं ते मला दिसत नव्हतं.

रस्त्याच्या डावीकडे आरे कॉलनीची झाडी लागली. मुंबईत एवढं रान असेल असं वाटलं नव्हतं. म्हशींचा वास आला आणि नलूनं पदरानं नाक पुसून खोल श्वास घेतला. शहरातली माणसं ह्या वासाला नाक मुरडतात, तिला माहेर आठवलं. पवईला मात्र आमची वाट लागली. तलाव डावीकडे, काचेच्या इमारती उजवीकडे, आणि मध्ये आम्ही, जागच्या जागी. मी घड्याळ बघितलं की नलू म्हणायची, "बघू नका, त्यानं गाडी हलत नाही." विक्रोळीच्या पुढे महामार्ग लागला आणि खाडीच्या बाजूला तिवरं दिसली, अगदी आपल्याकडच्यासारखी, पाय चिखलात रोवून उभी. नलू म्हणाली, "बघा, ही पण इथे रुळली." मग डोंगर दिसायला लागले आणि मुलुंड आलं.

मुलुंड

मुलुंडला डॉक्टर मानसी होत्या. वयानं आमच्या मुलीएवढ्या, आणि बोलणं फटाफट. "रेमंडकाकांचा फोन आला. काका, तुम्ही बाहेर बसा, मावशी, तुम्ही साडी काढून हा गाऊन घाला. पाणी प्यायलात ना?"

इथलं यंत्र म्हणजे एक भलंमोठं कडं. त्याला तशीच दोन डोकी, पण ती माणसाभोवती पूर्ण फेरी मारतात आणि ठिकठिकाणी थांबून बघतात. भिंतीवर इथेही पट्ट्यांची ती परीक्षा होती. मी तिथंच गेलो. चौथ्या भागातल्या रेघा सुट्या दिसत होत्या, मोजता आल्या असत्या. मी हात जोडले. डॉक्टर मानसींना वाटलं मी देवाला नमस्कार करतोय.

पहिल्यांदा डोक्यापासून पायापर्यंत एक चित्र घेतलं. उजेड कमी झाला होता म्हणून डोकी मरोळपेक्षा सावकाश सरकत होती. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. उजेड कमी असला की जास्त वेळ बघत राहावं लागतं. पुन्हा कवटी, खांदे, बरगड्या. इथे बरगडी न् बरगडी सुटी. मग कंबर आली.

डाग नव्हता.

डॉक्टर मानसींनी मरोळहून आलेलं चित्र शेजारी लावलं. तिथं डाग, इथे नाही. पुन्हा बघितलं. "असं कसं होईल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "काका, मरोळला मावशींच्या अंगावर काय होतं?"

"साडी. हीच."

त्या उठल्या, कोपऱ्यातून किरण मोजायचं, हातात धरायचं एक यंत्र घेतलं आणि खुर्चीवर घडी करून ठेवलेल्या साडीजवळ नेलं. ते कर्रकर्र करायला लागलं. साडीच्या निऱ्यांपाशी नेलं तर त्याचा ऊर फुटेल असं ओरडायला लागलं. त्यांनी हातमोजे घातले, साडी उलगडली, आणि आतून कापसाचा एक चुरगळलेला बोळा खाली पडला.

आतून, बाकावरून नलूचा आवाज आला. "तो माझा आहे. सकाळचा."

डॉक्टर मानसी काचेच्या आड गेल्या. "मावशी, तो कमरेला कसा गेला?"

"कनवटीला खोचला. टाकायला गेले तर तीन डबे, पिवळा, लाल आणि निळा. कुठल्यात टाकायचा कळेना. त्या माणसाला कितीदा विचारायचं, आणि चुकीच्या डब्यात टाकला तर त्यांची पंचाईत. म्हटलं घरी नेऊन टाकू."

सुई काढताना औषधाचा एक थेंब त्या बोळ्यात उतरला होता, आणि तोच थेंब मरोळपासून आमच्याबरोबर आला होता. रुमाल, किल्ली, सुपारी, कुणी दिलेला अंगारा, जे काही हातात उरेल ते नलूच्या कनवटीला जातं. तिच्या आईच्याही जायचं. डॉक्टर मानसी इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. "माझी आजी अख्खं किराणा दुकान ठेवायची कनवटीला," म्हणाल्या. त्यांनी तिथूनच रेमंडना फोन लावला. पलीकडून रेमंडचं हसू मला लांबून ऐकू आलं, आणि मग ते 'वेगळे कपडे द्यायला हवे होते, चूक माझी' असं काहीसं म्हणाले.

मी हसलो नाही. मी भिंतीला टेकलो आणि सरळ खाली जमिनीवर बसलो. 

"आता आलाच आहात तर पाठ नीट बघू," डॉक्टर मानसी म्हणाल्या. "दुखतं ते पाठीत ना? कमरेच्या नादात पाठ राहून जायची. पण मावशींना अर्धा तास अजिबात हलता येणार नाही. त्या हलल्या तर सगळं धूसर होईल. दुखतंय, जमेल का त्यांना?"

हलू नका म्हणणं हाच माझा धंदा. मी विचारलं, मला तिच्याशी बोलता येईल का. त्यांनी मला माइक दाखवला. डोकी नलूभोवती फिरायला लागली आणि मी काचेच्या ह्या बाजूनं बोलत राहिलो. नलू, हलू नको. मरोळच्या फुग्यांसारखे फुगे आपण घरी करू, तू पीठ आंबव, मी तळतो. परवा कुणाच्या मुंजीला जायचंय ते आठव. नलू, छान राहिलीस, अशीच राहा. एकदा तिच्या कपाळावर आठी आली, मला काचेतून दिसली, म्हणजे कळ आली होती. पण ती हलली नाही. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत एवढं स्थिर कुणी राहिलेलं मला आठवत नाही.

चित्रं आली तेव्हा नलू साडी नेसून बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली होती. डॉक्टर मानसींनी पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी लावली. डावीकडे मरोळची पाठ, सगळे मणके एकमेकांत मिसळून एक धूसर दोरी झालेले. उजवीकडे मुलुंडची. एकेक मणका वेगळा, वरून बघा, बाजूनं बघा, आडवा छेद घेऊन आत बघा. सीटीचं हाड राखाडी, आणि त्याच्यावर आतला उजेड केशरी रंगात बरोबर बसवलेला. मी पुढे वाकलो. माझ्या बायकोच्या पाठीचा कणा, ज्याच्यावर आमचं घर उभं राहिलं, तो मी पहिल्यांदा बघत होतो. 

आणि मला तो दिसला. डॉक्टरांनी बोट लावायच्या आधी दिसला. पाठीच्या मधल्या एका मणक्यात, मागच्या कोपऱ्याला, तुरीच्या दाण्याएवढा केशरी ठिपका. मी डावीकडच्या चित्रात तीच जागा शोधली. तिथं धूसर दोरी होती, बाकी काही नाही. ज्या मुलुंडनं खोटा डाग पुसला होता त्यानंच हा दाखवला होता. मरोळवर थांबलो असतो तर कमरेच्या डागासाठी धावपळ केली असती आणि हा राहून गेला असता.

डॉक्टर मानसी हळू बोलायला लागल्या. "मावशी, इथे एक जागा आहे. सीटीतही तिथलं हाड थोडं खाल्लेलं दिसतंय..."

नलूनं हात वर करून त्यांना थांबवलं. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. तुम्हाला फोटो कळतात. हा डाग फोटोतला आहे, का माझ्यातला?"

आयुष्यभर लोकांनी मला एकच विचारलं, फोटो कसा आला, आणि त्याचं उत्तर मला कधी जड गेलं नाही. मी परत पडद्याकडे बघितलं. वरून बघितलं, बाजूनं बघितलं, आडव्या छेदात बघितलं. तो तिन्हीकडून तिथंच होता. 

"तुझ्यातला," मी म्हणालो.

तिनं पुढे वाकून त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.  मग नलूनं डॉक्टरांना विचारलं, "एकच आहे ना? नीट बघितलंत? डोक्यापासून पायापर्यंत?"

"एकच आहे, मावशी. आणि अगदी लहान आहे. एवढा लहान असताना सापडला, म्हणून त्याच जागेवर किरण देता येतील. उपचार आहे."

"एकच," नलू म्हणाली. तिनं पदर खांद्यावरून ओढून घट्ट कमरेला खोचला, घरी मोठ्या कामाला हात घालताना खोचते तसा. "मग त्याला मी पुरून उरेन. सांगा, कधीपासून यायचं?"